एकवीस देशांसाठीचं पोस्टर

जर्सी सिटी
१६ मार्च २०२४

लहूदादा,

फोन तू घेत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे कागदावर. पाकिटावरचं अक्षर बघून तू ते न फोडताच ठेवून देशील, हेही धरून चाललेय. मीरावहिनी कधीतरी फोडतील.

मागच्या वर्षीच्या त्या फोनबद्दल मी यात काही लिहिणार नाहीये. ऑफिसमध्ये काय चाललंय तेवढंच लिहिते, कारण ते एमरी टॉलिव्हरबद्दल आहे आणि तुला तो आवडतो. ओहायोतल्या डब्लिनला तुझ्या बेसमेंटमध्ये आपण त्याचे तीन सिनेमे लागोपाठ पाहिले होते. तू म्हणाला होतास, हा माणूस नुसता दार उघडून आत आला तरी बघावंसं वाटतं.

त्यांच्या नव्या सिनेमाचं अमेरिकेबाहेरचं मार्केटिंग आमच्या ऑफिसकडे आहे. त्यातला भारत, शेजारचे देश आणि आखात माझ्याकडे. सिनेमा एका मालवाहू जहाजाच्या कॅप्टनचा आहे. वादळात दुसरं जहाज बुडत असतं, आणि कंपनीचा हुकूम मोडून हा त्यातली माणसं वाचवायला जातो. टॉलिव्हर जवळपास प्रत्येक सीनमध्ये आहेत. जहाजाचा इंजिनिअर झालेला गोरा नट सगळा मिळून अकरा मिनिटं दिसतो. अमेरिकेतल्या पोस्टरवर कॅप्टनचा चेहरा आहे, ओला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बाकी एकवीस देशांसाठी वेगळं पोस्टर केलंय. त्यावर चेहरा इंजिनिअरचा आहे. कॅप्टन खाली डेकवर पाठमोरा उभा आहे, रेनकोटात, माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

मंगळवारी ते पोस्टर बघायला टॉलिव्हर स्वतः आले. एकटेच. चोपन्न वर्षांचे आहेत, पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बारीक. पोस्टरसमोर बराच वेळ उभे राहिले. माझी बॉस डेना म्हणाली, "एमरी, या खोलीतल्या कुणालाही हे नकोय. आम्हाला तुम्हीच हवे होतात. पण बाहेरची मार्केट्स तयार नाहीत. रिसर्च आहे आमच्याकडे."

ते खुर्चीत बसले आणि अगदी हळू आवाजात बोलले. मी जमेल तसं लिहिते.

"पहिली दहा वर्षं मला आडनाव असलेला रोल मिळाला नाही. वॉर्डबॉय, कैदी, पोलीस नंबर दोन. कास्टिंगवाले म्हणायचे, आम्हाला तुम्ही आवडता, पण प्रोड्यूसरला चालणार नाही. प्रोड्यूसर भेटला की म्हणायचा, मला चालतं हो, पण साउथमधल्या थिएटरवाल्यांना चालणार नाही. मी साउथचाच आहे. अलाबामाचा. आता घरात दोन मोठी अवॉर्ड्स आहेत, आणि ज्याला मी चालत नाही तो माणूस परदेशात राहायला गेलाय. तीस वर्षं तो कायम दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत असतो. मला एकदा त्याला भेटायचंय."

सगळे हसले. मीही हसले.

जाताना त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. माझं नाव विचारलं. मी म्हटलं, उपासना गज. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, नीट येतंय ना याची खात्री करायला.

तुला हे आवडेल असं वाटलं म्हणून लिहिलं.

उपासना


९ एप्रिल २०२४

लहूदादा,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

टॉलिव्हरांच्या एजंटने तो रिसर्च मागवला. त्यांच्या करारात अमेरिकेच्या पोस्टरवर त्यांचा चेहरा सगळ्यात मोठा असेल असं लिहिलंय. परदेशाबद्दल काही लिहिलेलं नाही. करार करताना कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, किंवा कुणाच्या तरी चांगलं लक्षात होतं. डेनाने सगळ्या भागांच्या नोट्स पाठवल्या, लिहिणाऱ्यांची नावं काढून. त्यातली भारताची नोट दोन पानांची आहे. इतर देशवाल्यांनी तिच्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलली, कारण ती वाक्यं बरी होती. उदाहरणार्थ: भारतातला कुटुंबासह येणारा प्रेक्षक उजळ चेहऱ्याला पसंती देतो, कृष्णवर्णीय नायक ठळकपणे दाखवल्यास तो दुरावण्याची शक्यता आहे. वाचताना ठाम वाटतं. कुठल्याही वाक्याला पुरावा जोडलेला नाही.

मला एप्रिलपासून मार्केटिंगची डायरेक्टर केलंय. हे तुला कळावं म्हणून लिहीत नाहीये. क्रमाने आलं म्हणून लिहिलं.

ती नोट मी लिहिली आहे.

आता तू पत्र खाली ठेवलं असशील. उचलशील तेव्हा पुढचं वाच. फेब्रुवारीत डेना माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "टॉलिव्हरसाठी इंडिया थिएटरला येईल? खरं सांग." तिच्या आवाजात उत्तर आधीच होतं. मला ते ऐकू आलं. पण तेवढंच कारण नव्हतं. मला खरंच वाटलं की मला आपले लोक माहीत आहेत.

पाचवीतलं गॅदरिंग तुला आठवतं का? राजकन्येचं सगळं काम मला पाठ होतं. बाईंनी दुसऱ्या मुलीला स्टेजवर उभं केलं. तिला वाक्यं आठवत नव्हती म्हणून मला पडद्यामागे बसवलं. ती तोंड हलवायची आणि बोलायचे मी. रंगामुळे की आडनावामुळे, ते आईने कधी विचारलं नाही. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना आवाज ओळखू आला होता.

नोट लिहिताना मला हे आठवलं नव्हतं. आज आठवलं.

उपासना


२ जून २०२४

लहूदादा,

मीरावहिनींचा मेसेज आला, "पत्रं पोचली." त्यापुढे काही नाही. वाचली की नाही ते मी विचारलं नाही.

मंगळवारी मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलात टॉलिव्हरांचे भारतातल्या पत्रकारांबरोबर इंटरव्ह्यू होते, व्हिडिओवर, प्रत्येकाला चार मिनिटं. एका माणसाकडे लाइट आणि कॅमेरा होता. वेळ बघणं माझ्याकडे. डेनाने त्यांना आधीच एक वाक्य दिलं होतं: प्रत्येक देशाची टीम आपापला निर्णय घेते.

सहावा इंटरव्ह्यू मुंबईच्या रुही नावाच्या मुलीचा होता. तिने विचारलं, "सर, आमच्याकडच्या पोस्टरवर तुम्ही कुठे आहात? मला शोधावं लागलं." टॉलिव्हर हसले आणि ते वाक्य म्हणाले. लिंक बंद झाली. पुढच्या इंटरव्ह्यूला दहा मिनिटं होती. कॅमेरावाला कॉफी आणायला गेला. खोलीत आम्ही दोघंच.

त्यांनी विचारलं, "तुम्ही तिकडच्या ना? खरंच असं आहे तिथे?"

"मिस्टर टॉलिव्हर, भारताची नोट मी लिहिली."

त्यांनी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. "तुम्ही?"

"हो."

"त्यात आहे ते खरं आहे?"

"थोडं असेल. पण मी कुणाला विचारून लिहिलं नाही. एकीला विचारलं होतं. ती उलट म्हणाली. ते मी नोटमध्ये घातलं नाही."

ती एक म्हणजे प्रीता. मुंबईत आमचे सिनेमे थिएटरला लावणाऱ्या कंपनीत आहे. तिने मेल केला होता, मराठीतच: "अगं, त्यालाच मोठा ठेव. डब केलेल्या सिनेमांमुळे गावागावांत ओळखतात त्याला. त्या दुसऱ्याला इथे कोण ओळखतं?" मी तिला थँक्स लिहून तो मेल एका फोल्डरमध्ये टाकला होता.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझा चेहरा नीट बघितला. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः काही फार गोऱ्या नाही."

"नाही."

"मग तुम्हाला कुणाला बघायचं होतं त्या पोस्टरवर?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण त्यांनी हात वर केला.

"मी आवाज चढवणार नाहीये, घाबरू नका. तीस वर्षांत कुठल्याही सेटवर मी आवाज चढवलेला नाही. मागच्या सिनेमात एका गोऱ्या नटाने माझ्यासमोर खुर्ची फेकली. सगळे म्हणाले, किती जीव ओतून काम करतो. मी फेकली असती तर ते माझं शेवटचं काम झालं असतं. म्हणून मी इथे बसतो. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, "आय ॲम सॉरी."

"ते ऐकलं मी," ते म्हणाले. बाटली उचलून पाणी प्यायले.

कॅमेरावाला कॉफी घेऊन आला. सातवा इंटरव्ह्यू सुरू झाला. पत्रकाराने विचारलं, बोट लागत नाही का तुम्हाला? टॉलिव्हरांनी असा काही किस्सा सांगितला की कॅमेरावाल्याला तोंडावर हात धरावा लागला. मी वेळ बघत होते. बरोबर चार मिनिटं.

आज पाच दिवस झाले. मी अजून काही केलेलं नाही. भारताचं पोस्टर दहा तारखेला छापायला जाईल.

उपासना


१ सप्टेंबर २०२४

लहूदादा,

यावेळी पाकीट जाड आहे. आत दुसरा एक कागद आहे. तो शेवटी बघ.

सात जूनला मी डेनाला मेल लिहिला. भारताची नोट कुठल्याही माहितीशिवाय लिहिली, हाती आलेली एकमेव माहिती गाळली, आणि हे मी केलं, असं तीन ओळींत. प्रीताचा मेल इंग्रजी भाषांतरासकट जोडला. लीगलला आणि टॉलिव्हरांच्या एजंटला कॉपी केली. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं नसतं तर हा मेल लिहिला असता का, मला सांगता येत नाही.

डेनाने बोलावलं. ओरडली वगैरे नाही. "हे तू आधी मला एकटीला सांगू शकली असतीस," म्हणाली.

"तुला काय हवंय ते तू फेब्रुवारीत सांगितलं होतंस."

"मी? मी काय सांगितलं?"

आणि ते खरं होतं. तिने तोंडाने काहीच सांगितलं नव्हतं. तिने प्रश्न विचारला होता. उत्तर मी लिहिलं होतं.

भारताचं पोस्टर बदललं. आणखी सहा देशांचं बदललं. उरलेल्या चौदा देशांत छपाई झाली होती, तिथे इंजिनिअरच राहिला. जुलैमध्ये सिनेमा लागला. प्रीता म्हणते, भारतात फार चालला नाही, पडलाही नाही. त्यांच्या चेहऱ्यामुळे लोक आले की चेहरा असूनही आले, ते कुणी तपासलं नाही. पोस्टर जुनंच राहिलं असतं तरी तपासलं नसतं.

२६ जुलैला ऑफिसची पुनर्रचना झाली. त्यात माझी जागा राहिली नाही. डेनाने मिठी मारून निरोप दिला. जुना कलीग शार्दूल अजून तिथे आहे, त्याच्याकडून कळलं की सिनेमाचा दुसरा भाग लिहिला जातोय. त्यात पहिल्या दहा मिनिटांत कॅप्टन मरतो आणि जहाज इंजिनिअर चालवतो. मीटिंगमध्ये कुणीतरी कारण विचारलं. उत्तर मिळालं, परदेशातला प्रतिसाद. त्या चौदा देशांतला, बहुतेक. टॉलिव्हरांनी तो दुसरा भाग नाकारला. मग त्या सिनेमात मेलेल्या कॅप्टनचा फोटो भिंतीवर लावायला स्टुडिओने परवानगी मागितली, तीही त्यांनी नाकारली म्हणे. त्यांच्याकडून मला काही आलं नाही. यायचं कारणही नाही.

आता तो फोन.

तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या अक्षरात नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

२०२२ची दिवाळी, तुझा मॅनेजर सुमंतच्या घरी. माझी फ्लाइट लेट झाली म्हणून मी एअरपोर्टवरून परस्पर तिथेच आले. तू खाली कॅरम खेळत होतास. तुझी बहीण म्हणून माझी अजून कुणाशी ओळख झाली नव्हती. मी किचनमध्ये सुमंतच्या बायकोला, पद्मजाला, प्लेट्स भरायला मदत करत होते. ती फराळाचा ट्रे घेऊन बाहेर गेली. सुमंत आणि ऑफिसमधला आणखी एकजण फ्रिजपाशी आले. त्या दुसऱ्याने विचारलं, टीमचं लीड लहूला देणार का? सुमंत म्हणाला, "छे रे यार. कोट्यातून आलेलं गिऱ्हाईक आहे ते. कोडिंग करतोय, करू दे. या लोकांना एकदा वर घेतलं की आपल्यालाच शिकवायला लागतात."

मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही चकली घ्या ना. आडनाव काय म्हणालात तुम्ही?"

"गज."

"गज म्हणजे? कोकणातल्या का?"

मी "हो" म्हटलं.

घरी जाताना गाडीत मी तुला पहिला भाग सांगितला होता. दुसरा आज सांगतेय.

गजभियेचं गज मी अमेरिकनांना सोपं जावं म्हणून केलं, असं तुला सांगितलं होतं. अमेरिकनांना गजभिये म्हणायला काही जड नव्हतं. ते आपल्याच लोकांसाठी केलं होतं, त्यांना पत्ता लागू नये म्हणून. माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये आहे, हॉलमध्ये नाही, हे तू आला होतास तेव्हा तुला दिसलं होतं. तू काही बोलला नव्हतास. तेव्हाच बोलला असतास तर बरं झालं असतं, असं लिहिणार होते. पण ते तुझं काम नव्हतं.

तू तक्रार केलीस. २०२३च्या फेब्रुवारीत तुमच्या एचआरच्या बाईंचा मला फोन आला. किचनमध्ये तुम्ही काय ऐकलंत, त्यांनी विचारलं. मला वाटलं, पुढचा प्रश्न असेल, मग तुम्ही काय म्हणालात? मी म्हटलं, नीट आठवत नाही. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच म्हटलं. तक्रार बंद झाली, तुला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, आणि तू माझ्याशी बोलणं थांबवलंस.

मला शब्द न् शब्द आठवत होता.

सोबतचा कागद म्हणजे वर लिहिलेलंच, इंग्रजीत, नोटरी करून. दोन्ही भाग आहेत. सही पूर्ण नावाची आहे. आता त्याचा काही उपयोग आहे की नाही ते मला माहीत नाही. तुला फाडायचा असेल तर फाड, माझ्याकडे दुसरी प्रत आहे.

उपासना


३ नोव्हेंबर २०२४

लहूदादा,

मीरावहिनींचा फोन आला. पाऊण तास बोलल्या. त्यातला अर्धा वेळ रागावल्या. "तू कोकणातली झालीस, उपासना? आमच्या सासूबाई ते ऐकायला नाहीत, ते बरंय," म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, तू कागद फाडला नाहीस. एचआरने तक्रार बंद केली तरी तू थांबला नव्हतास, गेल्या वर्षीच कोर्टात गेलास, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कागद तू वकिलांकडे दिलास.

तुझ्या वकीलबाईंशी काल बोलणं झालं. गुरुवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजता कोलंबसला त्यांच्या ऑफिसमध्ये माझी साक्ष नोंदवून घेणार आहेत. कंपनीचा वकील प्रश्न विचारेल, सुमंतही हजर राहील, असं म्हणाल्या. त्यांनी माझी तयारी करून घेतली. कंपनीचा वकील पहिल्यांदा विचारणार की पावणेदोन वर्षांपूर्वी आठवत नव्हतं ते आता कसं आठवलं. मी सांगणार, तेव्हाही आठवत होतं. मग तो विचारणार, म्हणजे तुम्ही खोटं बोललात? हो. त्यानंतर नोकरीतही तुम्ही खोटं लिहून दिलंत आणि तिथून तुम्हाला काढलं, खरं ना? वकीलबाई म्हणाल्या, इथे तुम्ही सारवासारव कराल तर केस कमजोर होईल. मी म्हटलं, करणार नाही. तसं खोटं कसं लिहिलं जातं ते मला पायरी पायरीने सांगता येईल, हवं असेल तर. त्या म्हणाल्या, तेवढं नको, विचारलेल्याचं उत्तर द्या.

झूमवरही चालेल, असं त्यांनी सुचवलं होतं. मी येते म्हटलं. बुधवारी दुपारी पोचेन. हॉटेल घेतलंय. एअरपोर्टवर येऊ नकोस, घरी बोलावू नकोस. मीरावहिनींनाही हेच सांगितलंय, त्या ऐकतील असं वाटत नाही.

केस तुझी आहे, त्यामुळे तुला त्या खोलीत बसता येतं, असं कळलं. बसायचं की नाही ते तू ठरव. बसलास तर ती किचनमधली दोन्ही वाक्यं तुला सुमंतच्या समोर ऐकावी लागतील, त्याचं आणि माझं. त्याचं तू पचवलंयस, दोन वर्षं झाली. माझं "हो" येईल तेव्हा तुला उठून जावंसं वाटेल. तेवढ्या वेळ बस, दादा. उठू नकोस.

उपासना